वकिलाविरुद्ध बार कौन्सिलकडे तक्रार: सनद, शिस्तपालन समिती आणि त्याआधीची कागदपत्रं

फोर्टकर

‘वकिलाची सनद रद्द करायचीय, अर्ज कुठे करू?’ हा प्रश्न इथे वारंवार येतो आणि उत्तरं चार ठिकाणी विखुरतात. म्हणून हा एकच धागा. सनद म्हणजे वकिली करण्याचा परवाना. कुणाही वकिलाचं किंवा अशिलाचं नाव इथे लिहू नका. प्रक्रियेबद्दल बोलूया.

कायदा १९६१ चा, अधिवक्ता अधिनियम. आपल्याकडच्या वकिलांची नोंद बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा ठेवते. कार्यालय फोर्टला, उच्च न्यायालयाच्या विस्तारित इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. वकील कुठल्याही जिल्ह्यात काम करत असला तरी त्याचं नाव ज्या राज्याच्या नोंदपटावर, त्या बार कौन्सिलकडे तक्रार जाते. मुंबईत काम करणाऱ्या वकिलाची सनद गुजरातची किंवा उत्तर प्रदेशची असू शकते. म्हणून वकील नेमताना तुम्ही सही करता त्या वकीलपत्रावरचा सनद क्रमांक आधी बघा. आपल्याकडचा क्रमांक ‘एमएएच’ने सुरू होतो, मग अनुक्रमांक, मग वर्ष.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बार कौन्सिल तुमचे पैसे वसूल करून देत नाही आणि हरलेला दावा परत उभा करत नाही. कलम ३५ प्रमाणे शिस्तपालन समिती तक्रार फेटाळू शकते, ताकीद देऊ शकते, ठरावीक काळासाठी सनद निलंबित करू शकते किंवा नोंदपटावरून नाव काढू शकते. शेवटच्या गोष्टीलाच आपण सनद जाणं म्हणतो. कलम ४३ खाली खर्चाचा आदेश होऊ शकतो, पण तो कारवाईचा खर्च, तुमची नुकसानभरपाई नव्हे.

त्यामुळे क्रम असा: आधी खटला वाचवा, मग फाईल मिळवा, मग तक्रार लिहा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. महिनाभर तक्रारीचा मसुदा घोळवत बसतात आणि तेवढ्यात अपिलाची मुदत निघून जाते.

अनघा_डोंबिवली

फोर्टकर साहेब, खटला वाचवा म्हणजे नेमकं काय करायचं? समजा तारखांना वकील हजरच राहिला नाही आणि निकाल विरुद्ध गेला.

फोर्टकर

अनघाताई, तुम्ही वादी असाल आणि गैरहजेरीमुळे दावा काढून टाकला असेल, तर तो पुन्हा बोर्डावर घेण्याचा अर्ज ३० दिवसांत करायचा. तुम्ही प्रतिवादी असाल आणि एकतर्फी हुकूमनामा झाला असेल, तर तो रद्द करण्याचा अर्जही ३० दिवसांतच. समन्स नीट बजावलं नसेल तर हे दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. गुणावगुणावर, म्हणजे दोन्ही बाजू तपासून निकाल लागला असेल तर दिवाणी अपील उच्च न्यायालयात ९० दिवसांत, जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत. मुदत टळली असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडायचा.

त्या अर्जात १९८१ चा रफिक विरुद्ध मुन्शीलाल हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल उपयोगी पडतो. वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला नको, हा त्याचा गाभा. पण एवढ्यावर विसंबून राहू नका. पक्षकाराने स्वतः किती चौकशी केली हे न्यायालय बघतंच. वकिलाला पाठवलेले संदेश, ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर प्रकरण तपासल्याचे स्क्रीनशॉट, कार्यालयात भेटीला गेल्याच्या तारखा, हे सगळं तिथे मोजलं जातं.

जुना_शिरस्तेदार

इथे थोडी भर घालतो, कारण रोजनामा वाचणं लोकांच्या लक्षातच येत नाही.

ई-कोर्ट्सवर प्रत्येक प्रकरणाचा सोळा अंक-अक्षरांचा स्वतंत्र सीएनआर क्रमांक टाकला की तारखा आणि काही आदेश दिसतात. पण खरी नोंद रोजनाम्यात असते. प्रत्येक तारखेला कोण हजर, कुणाचा अर्ज, पुढची तारीख कशासाठी, हे त्यात ओळीओळीने असतं. ‘वादी व वकील गैरहजर, पुकारा केला, कोणी नाही’ अशी ओळ लागोपाठ तीन तारखांना दिसली तर गैरहजेरी सिद्ध करायला दुसरं काही शोधावं लागत नाही. याउलट ‘वादीतर्फे मुदतीचा अर्ज, मंजूर’ असं असेल तर वकील हजर होता, तुम्हाला मात्र कळवत नव्हता. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तक्रारीत त्या वेगळ्याच लिहायला हव्यात.

संपूर्ण रोजनाम्याची प्रमाणित प्रत मागा. नक्कल विभागात अर्ज करून नकलेची फी भरायची. फोटो काढून आणलेला कागद समितीपुढे पुरावा म्हणून लंगडा पडतो. प्रमाणित प्रतीवर कुणी शंका घेत नाही.

पैशांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. न्यायालयात जमा झालेली रक्कम कोणाला, कधी, कुठल्या आदेशाने दिली याची नोंद नाझर किंवा लेखा शाखेत असते. तिचा प्रमाणित उतारा मिळतो. त्याच्या जोडीला वकीलपत्र काढून बघा. त्यात ‘रक्कम उचलण्याचा व पावती देण्याचा अधिकार’ अशी ओळ छापलेली असते आणि खाली तुमची सही असते. म्हणजे वकिलाने रक्कम उचलणं हा गुन्हा नव्हे. उचलल्यावर तुम्हाला न कळवणं आणि न देणं, इथे गैरवर्तन सुरू होतं.

माहीमचा_वाचक

जुन्या वकिलाकडून फाईल कशी काढायची? ‘आधी बाकी फी द्या, मग फाईल’ असंच ऐकायला मिळतं.

नीलिमा_वकील

दादा, फीसाठी फाईल अडवून ठेवता येत नाही. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा, सन २०००. त्यात वकिलाने बँकेच्या फायली थकीत बिलासाठी रोखून धरल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की खटल्याची कागदपत्रं म्हणजे विकाऊ माल नव्हे, त्यांच्यावर फीपोटी धारणाधिकार, म्हणजे अडवून ठेवण्याचा हक्क, चालत नाही. फी बाकी असेल तर वकिलाने दावा करावा. फाईल परत न देणं हेच गैरवर्तन ठरलं.

व्यवहारात असं करा. पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने किंवा ईमेलने एक पानी पत्र पाठवा. प्रकरणाचं नाव, क्रमांक, न्यायालय, आणि ‘माझी मूळ कागदपत्रं व फाईल सात दिवसांत परत द्यावी, तसंच वकीलपत्रावर नाहरकत द्यावी’ एवढंच लिहा. आरोप नकोत, धमकी नको. हे पत्र पुढे तक्रारीचं परिशिष्ट होतं, तेव्हा वाचणाऱ्याला त्यात सरळ माणूस दिसला पाहिजे.

नाहरकत दिली नाही तरी अडत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३९ प्रमाणे आधीच्या वकिलाच्या संमतीशिवाय नवा वकील हजर होत नाही, पण संमती मिळत नसेल तर नव्या वकिलाने कारण सांगून न्यायालयाची परवानगी मागायची. ती मिळते.

सुहास_गिरगाव

गैरवर्तन कशाला म्हणायचं, यावर कुणी नेमकं लिहील का? दावा हरला की लोकांना सगळंच गैरवर्तन वाटतं.

नीलिमा_वकील

सुहासदादा, बरं झालं विचारलंत.

चुकीचा सल्ला म्हणजे गैरवर्तन नव्हे. पांडुरंग दत्तात्रय खांडेकर विरुद्ध बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र, १९८३ चा निकाल. आपल्याच राज्यातलं प्रकरण. चुकीचा सल्ला आणि अनुचित सल्ला यांत मोठा फरक आहे, आणि नैतिक खोट नसेल तर निव्वळ निष्काळजीपणा व्यावसायिक गैरवर्तनात मोडत नाही, असं न्यायालय म्हणालं. त्यामुळे ‘माझ्या वकिलाने हा मुद्दा मांडला नाही, तो साक्षीदार तपासला नाही’ एवढ्यावरची तक्रार टिकत नाही. हे अशिलाला पटवणं फार जड जातं, पण आधीच सांगितलं तर त्याची दोन वर्षं वाचतात.

टिकणाऱ्या तक्रारींत सगळ्यात भक्कम असते ती पैशांच्या हिशेबाची. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत व्यावसायिक आचारसंहिता आहे, त्यातले २५ ते ३१ हे नियम छापून घ्या. वकिलाने अशिलाच्या पैशांचा हिशेब ठेवायचा, तारखेसह. मिळालेली रक्कम फीपोटी की खर्चापोटी हे त्यात दाखवायचं. खर्चासाठी दिलेली रक्कम, प्रकरण चालू असताना, अशिलाच्या लेखी संमतीशिवाय फीत वळवायची नाही. अशिलासाठी पैसे आले की शक्य तितक्या लवकर कळवायचं. मागितल्यावर हिशेबाची प्रत द्यायची, नकलेचा खर्च अशिलाने द्यावा. म्हणून तक्रारीआधी हिशेबाची प्रत लेखी मागा. ती नाकारली किंवा उत्तरच आलं नाही, तर तिथेच एक नियम मोडला गेला आणि तो सिद्ध करायला साक्षीदार लागत नाही.

हे किती गंभीर मानतात त्याचं उदाहरण म्हणजे २००२ चं हरीशचंद्र तिवारी विरुद्ध बैजू. भूसंपादनाच्या मोबदल्याचे ८,११८ रुपये वकिलाने उचलले, वृद्ध आणि निरक्षर अशिलाला दिले नाहीत, आणि वर तडजोडीचं खोटं प्रतिज्ञापत्र दाखल केलं. शिक्षा आधी तीन वर्षांच्या निलंबनाची होती. सर्वोच्च न्यायालयाने ती वाढवून नाव नोंदपटावरून काढलं. रक्कम लहान आहे म्हणून गैरवर्तन लहान होत नाही.

अनघा_डोंबिवली

मोटार अपघात दाव्यात ‘मिळेल त्याच्या इतके टक्के’ असं ठरवतात. तेही यात येतं का?

नीलिमा_वकील

येतं. नियम २० प्रमाणे निकालावर अवलंबून असलेली फी किंवा मिळणाऱ्या रकमेतला वाटा ठरवायला वकिलाला मनाई आहे. टक्केवारीचा करार तुमच्या सहीचा असला तरी दोष वकिलाचा. करार लेखी असेल तर मूळ जपून ठेवा. तोंडी असेल तर बँकेतल्या नोंदी बोलतात: भरपाई खात्यात आली त्याच आठवड्यात वकिलाच्या खात्यात ठरावीक हिस्सा गेला, हे पासबुकात दिसतं.

आणखी काही ठळक प्रकार लिहिते. दाव्यातली मालमत्ता वकिलाने स्वतः किंवा कुणाच्या नावाने विकत घेणं. त्याच प्रकरणात विरुद्ध बाजूकडून उभं राहणं. अशिलाला कळू न देता तडजोड दाखल करणं. न्यायाधीशांना द्यायचे म्हणून पैसे मागणं. शंभूराम यादव विरुद्ध हनुमदास खत्री, २००१, यात वकिलाने अशिलाला पत्र लिहून न्यायाधीशांसाठी १०,००० रुपये पाठवायला सांगितलं होतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने आधी सनद काढली, मग पुनर्विलोकनात नुसत्या ताकिदीवर सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने सनद काढण्याचा मूळ आदेश कायम केला.

फोर्टकर

मुंबईचं प्रकरण राहून जायला नको. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र विरुद्ध दाभोळकर. किल्ला कोर्टाच्या दाराशी आरोपींच्या नातेवाइकांना गाठायचं, हातातून कागद ओढून घ्यायचे, दुसऱ्याने सांगितलेल्या फीपेक्षा कमी फी सांगायची, असे आरोप काही वकिलांवर होते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्यांना सोडलं, तेव्हा राज्याची बार कौन्सिल स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेली. असं अपील करण्याचा तिला अधिकार आहे हे १९७५ मध्ये सात न्यायमूर्तींनी ठरवलं, आणि अशी ओढाओढ गैरवर्तनच आहे हे त्यानंतरच्या निकालाने. वकिलांच्या संस्थेने आपल्याच सभासदांविरुद्ध इतक्या दूर जाणं मला आजही मोलाचं वाटतं.

माहीमचा_वाचक

तक्रार प्रत्यक्षात कशी लिहायची? मराठीत चालते का?

नीलिमा_वकील

चालते. इंग्रजी, हिंदी किंवा राज्याची भाषा. पुढे दिल्लीला, बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे पाठवायची वेळ आली तर इंग्रजी भाषांतराची जबाबदारी राज्य बार कौन्सिलची. स्वरूप अर्जाचं, खाली सही आणि दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे सत्यापन: कुठले परिच्छेद स्वतःच्या माहितीवरून, कुठले मिळालेल्या माहितीवरून खरे मानून. विहित शुल्क भरून पावती घ्यायची. सत्यापन नसलेलं नुसतं पत्र तिथेच अडकतं.

मजकुरात लोक कुठे चुकतात ते दाखवते. हे वाक्य बघा:

‘सदर वकिलाने मला अनेक वेळा फसवले असून माझे अतोनात नुकसान केले आहे.’

यावर वकील एका ओळीत उत्तर देतो, ‘आरोप अमान्य’. संपलं. हेच असं लिहा:

‘दावा क्र. अमुक, लघुवाद न्यायालय, मुंबई. दि. अमुक रोजी न्यायालयीन शुल्कासाठी १५,००० रुपये वकिलांच्या खात्यात पाठवले (परिशिष्ट ३). दाव्यावर प्रत्यक्षात भरलेले शुल्क ४,२०० रुपये (परिशिष्ट ४, दाव्याची प्रमाणित प्रत). उरलेल्या १०,८०० रुपयांचा हिशेब दि. अमुकच्या पत्राने मागितला (परिशिष्ट ५, पोच परिशिष्ट ६). उत्तर आलेले नाही.’

आकडे नमुन्याचे आहेत. पण आता वकिलाला नुसतं ‘अमान्य’ म्हणून भागत नाही, हिशेब द्यावाच लागतो. एका परिच्छेदात एकच घटना, आणि प्रत्येक घटनेमागे एक कागद. कागद नसलेला राग बाहेर ठेवा. दहा आरोपांपैकी सात सिद्ध झाले नाहीत की उरलेल्या तिनांवरचा विश्वासही उडतो. ही कारवाई अर्धफौजदारी स्वरूपाची मानतात, पुरावा ठोस लागतो आणि संशयाचा फायदा वकिलाला मिळतो.

सुहास_गिरगाव

तक्रार दिल्यावर पुढे काय?

फोर्टकर

कौन्सिल आधी वकिलाचं म्हणणं मागवू शकते, तुमच्याकडे अधिक तपशील मागू शकते. मग गैरवर्तन झालं असं मानायला कारण आहे का, हे ठरतं. असेल तर प्रकरण शिस्तपालन समितीकडे. समिती तिघांची: दोन कौन्सिलचे निवडून दिलेले सदस्य, तिसरा बाहेरून घेतलेला अनुभवी वकील. तिघांत ज्येष्ठ तो अध्यक्ष. वकिलाला आणि राज्याच्या महाधिवक्त्यांना नोटीस जाते.

समितीला साक्षीदार बोलावण्याचे, शपथेवर तपासण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार कलम ४२ ने दिले आहेत. न्यायाधीशाला मात्र उच्च न्यायालयाच्या मंजुरीशिवाय बोलावता येत नाही. ‘न्यायाधीश साहेबांनाच विचारा’ हा मार्ग जवळजवळ बंद आहे, म्हणून रोजनाम्याच्या प्रमाणित प्रतीचं महत्त्व. पुष्कळसं काम प्रतिज्ञापत्रांवर चालतं, गरज पडली तर उलटतपासणी होते. तक्रारदाराचीही होते. तारखेला गैरहजर राहू नका.

एक वर्षाची गोष्ट लक्षात ठेवा. कलम ३६ब प्रमाणे राज्याच्या समितीने तक्रार एका वर्षात निकाली काढायची, नाहीतर ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. म्हणजे दिल्ली. वकील तारखा मागत राहिला आणि तुम्ही विरोध नोंदवला नाही, तर वर्ष असंच सरतं. प्रत्येक मुदतवाढीला लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीकडे गेलेल्या तक्रारीही एका वर्षात संपवायला सांगितलं आहे.

राज्याच्या समितीच्या आदेशाविरुद्ध अपील बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे ६० दिवसांत, तिथून सर्वोच्च न्यायालयात पुन्हा ६० दिवसांत. दिवस आदेश कळवल्याच्या तारखेपासून मोजतात, म्हणून आदेशाचं पाकीट टाकून देऊ नका. पोस्टाचा शिक्का त्यावरच असतो.

माहीमचा_वाचक

विरुद्ध बाजूच्या वकिलावर तक्रार करता येते का?

नीलिमा_वकील

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच बार कौन्सिलच्या दोन प्रकरणांत यावर कडक भूमिका घेतली. व्यावसायिक गैरवर्तनाच्या तक्रारीला साधारणपणे वकील-अशील नातं लागतं, आणि समितीकडे पाठवताना कौन्सिलने कारणं लिहायला हवीत, असं सांगून कारवाई रद्द केली. कौन्सिलला ५०,००० रुपयांचा खर्चही बसला. दुसऱ्या प्रकरणातल्या वकिलाने फक्त प्रतिज्ञापत्रावर सही करणाऱ्याची ओळख पटवली होती.

जुना_शिरस्तेदार

ताई, इथे मी पूर्ण सहमत नाही. कायद्यातले शब्द ‘व्यावसायिक किंवा अन्य गैरवर्तन’ असे आहेत. विरुद्ध बाजूच्या वकिलाने स्वतः बनावट कागद रेकॉर्डवर घातला तर तो अशील नाही म्हणून सोडून द्यायचं?

नीलिमा_वकील

काका, सोडायचं नाहीच. ‘साधारणपणे’ हा शब्द मीही मुद्दाम लिहिला. पण अशा वेळी आधी त्याच न्यायालयात जावं. खोट्या पुराव्याच्या चौकशीचा अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३४०. न्यायालयाचा निष्कर्ष हातात आला की बार कौन्सिलपुढे तो सगळ्यात वजनदार कागद. आधीच धावलात तर सूडाची तक्रार म्हणून ती पडते आणि खरा मुद्दाही सोबत जातो.

जुना_शिरस्तेदार

हा क्रम पटला. बनावट कागदाची मूळ प्रत रेकॉर्डवरून परत जाऊ नये, म्हणून तो सीलबंद ठेवण्याचा अर्जही त्याच दिवशी द्यावा.

अनघा_डोंबिवली

आणि पैसे? ते कुठून मिळवायचे? ग्राहक मंच?

फोर्टकर

ग्राहक मंचाचं दार १४ मे २०२४ ला बंद झालं. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. पैशांसाठी दिवाणी दावा, साधारण मुदत तीन वर्षं. रक्कम हडपली असेल तर पोलिसांत विश्वासघाताची तक्रार, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६. हे दोन्ही मार्ग बार कौन्सिलच्या तक्रारीबरोबरच चालू शकतात, एकाची वाट बघत दुसऱ्याची मुदत घालवू नका.

न्यायाधीशांनी सनद काढावी असा अर्जही काही जण करतात. १९९८ मध्ये घटनापीठाने सांगितलं आहे की अवमानाच्या कारवाईत सर्वोच्च न्यायालयसुद्धा सनद निलंबित करू शकत नाही, तो अधिकार बार कौन्सिलचा.

सुहास_गिरगाव

वकिलाने पैसे परत केले आणि ‘तक्रार मागे घ्या’ म्हणाला तर?

नीलिमा_वकील

पैसे घ्या, बँकेतून घ्या, पावतीवर फक्त ‘अमुक रक्कम मिळाली’ एवढंच लिहा. तडजोड झाली किंवा तक्रारदाराला पुढे जायचं नाही, एवढ्याच कारणाने कारवाई संपत नाही, असं नियमांतच आहे. ‘तक्रार गैरसमजातून केली होती’ अशा तयार मसुद्यावर मात्र सही करू नका. तुमची मूळ तक्रार सत्यापित आहे. उद्या समितीने शपथेवर विचारलं की दोन्हींपैकी खरं कुठलं, तर उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे, आणि समितीपुढची कारवाई कायद्याने न्यायिक मानलेली आहे.